मुंबई–कराची दालन : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी

विषय आज एकदाचा ठरला. भारत-पाकिस्तानचा सामायिक इतिहास मांडणारं दालन म्हटलं की सगळ्यांना आधी पंजाबच दिसतो: रॅडक्लिफनं आखलेली फाळणीची रेषा, खच्चून भरलेल्या गाड्या, पायी निघालेले तांडे. ते सांगणारं संग्रहालय २०१७ पासून अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये आहे, २०२३ पासून दिल्लीत दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीतही आहे. दोन्ही कामं मोलाची. तेच मुंबईत पुन्हा कशाला मांडायचं, हा माझा पहिल्यापासूनचा मुद्दा होता, आणि मॅडमनी तो आज उचलून धरला.

मुंबईची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती मुंबईकरांनाच ठाऊक नाही. इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरनं १८४३ मध्ये सिंध जिंकला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत इलाख्यातच राहिला. म्हणजे सातारा, धारवाड आणि कराची यांचा गव्हर्नर एकच. आमचं दालन या जवळजवळ नव्वद वर्षांचं, आणि मग १९४७-४८ मध्ये त्याचं काय झालं त्याचं.

डिझायनरनं प्रवेशाशी काटेरी तार सुचवली होती. तिला नकार दिला. पंजाब आणि बंगाल चिरले गेले. सिंध चिरला गेला नाही, अख्खा पलीकडे गेला. तिथून लोक आले ते मोठ्या संख्येनं बोटीनं. तार लावायची तर समुद्रात लावावी लागेल.

१४ फेब्रुवारी

नकाशा. पहिल्या भिंतीवर मुंबई इलाख्याचा मोठा नकाशा हवा यावर कोणाचं दुमत नाही. कराचीपासून कारवारपर्यंतचा किनारा, आणि दूर कोपऱ्यात एडन, कारण १९३२ पर्यंत एडनचा कारभारही मुंबईतून चालत होता. हा पसारा एका नजरेत आला की लोक थांबतात. ऑफिसात नुसता प्रिंट टेबलावर पसरला, तर अकाउंट्सचे लोकही येऊन बघून गेले.

आजची सीमा त्यावर दाखवायची का, हा वेगळा प्रश्न. दाखवली तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असायला हवी, तो नियमच आहे. माझं म्हणणं, जुन्या नकाशाला जुनाच राहू द्यावं आणि आजची सीमा बाजूच्या छोट्या नकाशावर घ्यावी. तसंच ठरतंय.

त्या छोट्या नकाशात एक जागा मात्र मोठी करून दाखवणार आहे: सर क्रीक. कच्छ आणि सिंध यांच्यामधली साधारण ९६ किलोमीटरची खाडी. सरपण कोणी तोडायचं यावरून विसाव्या शतकाच्या आरंभी कच्छचा राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यात तंटा झाला. मुंबई सरकारनं १९१४ मध्ये ठराव करून, नकाशा जोडून तो मिटवला. आज दोन्ही देश त्याच ठरावावर बोट ठेवतात. पाकिस्तान नवव्या परिच्छेदाच्या आधारे म्हणतो की हद्द खाडीच्या पूर्व काठावर आहे. भारत दहाव्या परिच्छेदाच्या आधारे म्हणतो की ती खाडीच्या मध्यप्रवाहात आहे. मुंबईच्या सेक्रेटरिएटमधल्या कारकुनानं नक्कल केलेला एक कागद, आणि शंभर वर्षांनंतरही मासेमारी बोटी त्याच्यापायी धरल्या जातात. शिळोप्याचा इतिहास नव्हे हा, आज भोगला जाणारा आहे. म्हणून त्याला नकाशाच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर जागा.

२७ फेब्रुवारी

व्यक्तींची यादी. सगळ्यात आधी जिन्नांचं नाव निघतं, कारण कराचीत जन्म, मुंबईत वकिली, मलबार हिलवर बंगला. त्यांचं एक छोटं पॅनेल राहील. त्यात गव्हर्नर विलिंग्डनविरुद्धच्या १९१८ च्या आंदोलनानंतर मुंबईकरांनी वर्गणी काढून बांधलेला पीपल्स जिन्ना हॉल येईल. त्याचं नाव आजही ‘पी. जे. हॉल’ असं दोन अक्षरांत शिल्लक आहे. पण जिन्नांना मधली भिंत दिली तर सगळं दालन त्यांच्याभोवती फिरेल आणि बाकीची माणसं पुसली जातील.

मधली जागा मला बार्टल फ्रियरला द्यायची आहे. मराठी वाचकाला हा साहेब साताऱ्यामुळे ठाऊक हवा: १८४८ मध्ये संस्थान खालसा झालं तेव्हा तो तिथे रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. तिथून १८५० मध्ये सिंधचा कमिशनर, आणि १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. कराचीत त्याच्या नावाचा फ्रियर हॉल १८६५ पासून उभा आहे. मुंबईत त्यानं कोटाच्या भिंती पाडल्या आणि शहर मोकळं केलं. आपल्या हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनला मुळात त्याचंच नाव द्यायचं घाटत होतं. सातारा, कराची, मुंबई ही तीन शहरं एकाच फाइलमध्ये कशी बांधली गेली, हे एका माणसाच्या नोकरीवरून कळतं.

६ मार्च

एन. जे. व्ही. हायस्कूल. या पॅनेलवर मी हवा तेवढा वेळ घालवणार आहे.

कराचीच्या बंदर रोडवर, म्हणजे आताच्या एम. ए. जिन्ना रोडवर, ही शाळा आहे. १८५५ मध्ये सुरू झालेली, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, आणि अजून चालू. नावातली अक्षरं म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातून सिंधमध्ये गेलेला हा मराठी अधिकारी. सिंधी भाषा तेव्हा अनेक लिप्यांत लिहिली जायची. १८५३ मध्ये सरकारनं अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी पक्की केली. पुढे हिंदू व्यापाऱ्यांच्या हटवाणकी लिपीला शिस्त लावण्याच्या कामात वैद्य होते. कराचीतली पोरं आज रोज त्या नावाच्या फाटकातून आत जातात. पुण्या-मुंबईत हे नाव विचारलं तर कोणी सांगू शकणार नाही.

शाळेचा आजचा फोटो कराचीतले सहकारी काढून पाठवणार आहेत. सुट्टीतला रिकामा नको, शाळा सुटतानाचा हवा, असं मुद्दाम कळवलंय.

१५ मार्च

कराचीच्या इतिहासाच्या प्राध्यापिकांबरोबर व्हिडिओ कॉल. आमच्याकडच्या सगळ्या पॅनेलचे कच्चे मसुदे त्यांना पाठवले होते. त्या मोकळेपणानं बोलल्या. शाळा मुंबईनं काढली, टपाल मुंबईनं आणलं, धरण मुंबईनं बांधलं; हे सगळं खरं असलं तरी ओळीनं लावल्यावर दालन कराचीकराला असं सांगतं की तुम्हाला जे मिळालं ते आम्ही दिलं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, आणि १९३६ ला, म्हणजे सिंध मुंबईपासून वेगळा प्रांत झाला त्या वर्षाला, पूर्ण भिंत द्यावी असं मी का म्हणतोय तेही यातच आहे. सिंधमधली तक्रार जुनी होती. कौन्सिल मुंबईत, आणि मुंबईला जायचं तर बोटीनं, नाहीतर गेज बदलत रेल्वेचा वळसा घालून; थेट ब्रॉडगेज कधी झालीच नाही. इकडे सिंधच्या कमिशनरला १८६८ च्या कायद्यानं जवळपास गव्हर्नरचे अधिकार दिलेले, म्हणजे जाब विचारायचा तर कुणाला? १९१३ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन कराचीत भरलं, तेव्हा सिंधचं वेगळेपण मांडलं ते स्वागताध्यक्ष हरचंद्राय विशनदास यांनी, एका हिंदू पुढाऱ्यानं. पुढे या मागणीला धर्माचा रंग चढला, मुस्लिम लीगनं ती उचलली, पुष्कळसे हिंदू पुढारी विरोधात गेले. पण मुळातला प्रश्न होता की दूर बसलेल्या सरकारनं आपल्यावर राज्य करावं का.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपलं राज्य कुठून चालावं, यासाठी याच हुतात्मा चौकात माणसं मेली आहेत. पॅनेलवर ही तुलना घालणार नाही, पाहणाऱ्याला ती आपसूक सुचावी. सामायिक इतिहास म्हणजे बरोबरीचा इतिहास नव्हे. एकाच घरात एक माडीवर राहतो आणि एक ओसरीवर, तरी घर दोघांचंच असतं. पण आठवणी दोघांच्या वेगळ्या असतात.

२ एप्रिल

विश्वस्तांपुढे मांडणी. १९३६ ची भिंत ‘कोरडी’ वाटते, तिथे फाळणीतले अनुभव लावा, असा आग्रह झाला. मी विरोध नोंदवला. लोकांना अनुभव आवडतात हे खरं आहे. पण १९३६ वगळलं तर १९४७ आभाळातून पडल्यासारखं दिसतं. सिंध त्या वर्षी वेगळा प्रांत झाला नसता, तर अकरा वर्षांनी प्रश्न अख्ख्या मुंबई इलाख्याचा झाला असता, निराळाच. इतक्या मोठ्या फाट्यावरून पाहुण्याला डोळे मिटून पुढे न्यायचं नाही.

निर्णय पुढच्या बैठकीत.

१० एप्रिल

सक्करचं पॅनेल पुन्हा लिहिलं. सिंधू नदीवरच्या त्या बराजला, म्हणजे कालव्यांत पाणी सोडणाऱ्या दरवाजांच्या धरणाला, लॉइड बराज म्हणायचे, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून. बांधकाम १९२३ ते १९३२. ६६ दरवाजे, ७ कालवे. जानेवारी १९३२ मध्ये उद्घाटन केलं ते व्हाइसरॉय विलिंग्डननी, आणि तेही पूर्वी मुंबईचेच गव्हर्नर. नव्या मजकुरात कर्जाचाही परिच्छेद आहे. या धरणाचा खर्च डोक्यावर असताना सिंध स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल का, हा अलग प्रांताविरुद्धचा मोठा युक्तिवाद होता. म्हणजे धरणानं जमीन भिजवली आणि स्वायत्ततेच्या वाटेत खोडाही घातला. दोन्ही एकाच पॅनेलवर हवं.

याच पॅनेलमध्ये विश्वेश्वरय्या येतात. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागलेला हा तरुण १८९० च्या दशकात सक्करला पाणीपुरवठ्याच्या कामावर गेला. सिंधूचं पाणी गढूळ, गाळायला पैसे नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली, वाळूतून झिरपून पाणी स्वच्छ होऊन येईल अशी. खडकवासल्याचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे त्यानंतरचे, १९०३ चे. पुण्याचं पाणी आणि सक्करचं पाणी एकाच वहीत आखलं गेलं होतं, हे मुलांना नक्की आवडेल.

२४ एप्रिल

सिंध डाकचं तिकीट आलं. संग्राहकानं कर्जाऊ दिलंय, करारावर सह्या झाल्या.

फ्रियरच्या कारकिर्दीत, १ जुलै १८५२ ला, सिंधमध्ये चिकटवायची टपाल तिकिटं निघाली. आशियातली पहिली. उर्वरित हिंदुस्थानला ती १८५४ मध्ये मिळाली आणि सिंधची बंद झाली. तीन तऱ्हा होत्या: लाल, पांढरी, निळी. लाल तिकीट लाखेच्या पातळ चकतीवर ठसा उठवून केलेलं. लाख ठिसूळ, हाताळताच तुकडे पडत, म्हणून ती फारच थोडी वाचली. आमच्याकडे आलंय ते पांढरं.

पांढऱ्यावर पांढरा ठसा, त्यामुळे समोरून बघितलं तर कोरा कागद. वस्तूंचं जतन करणाऱ्या कॉन्झर्व्हेटर ताईंनी खोलीतले दिवे घालवले आणि बॅटरी आडवी धरली. तेव्हा गोलाकार पट्टा वर आला, पट्ट्यावर सिंध डिस्ट्रिक्ट डाकची अक्षरं, मधोमध ईस्ट इंडिया कंपनीची पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची खूण आणि खाली अर्ध्या आण्याची किंमत. ताईंनी लगेच सांगितलं की शोकेसमध्ये वरून दिवा चालणार नाही, बाजूनंच पाहिजे, आणि उजेड ५० लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही. सुताराला पेटीच्या डाव्या अंगाला खाच ठेवायला सांगितलंय.

९ मे

निर्णय आला: १९३६ ची भिंत राहणार, लांबी मात्र कमी केली. चालेल. मजकूर छाटता येतो, विषय छाटता येत नाही.

शेजारी लहान पॅनेल १९३२ च्या हवाई टपालाचं. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोडवरून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय नागरी विमानसेवेची सुरुवात म्हणून हे सगळे सांगतात. तिचं एक टोक आज परदेशात आहे एवढं फक्त ठळक केलंय.

२० मे

उल्हासनगर. वस्तू गोळा करायला गेलो होतो. कल्याणजवळची ही महायुद्धातली लष्करी छावणी; सिंधमधून आलेल्या लोकांना बराकींत ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजाजींच्या (राजगोपालाचारी) हस्ते गावाला नाव मिळालं. पत्ता अजूनही कँप नंबरनंच सांगतात.

पाच नंबरच्या एका आजींनी वडिलांचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र दिलं. मुंबई विद्यापीठाचं, परीक्षेचं केंद्र कराची. चार घड्यांच्या रेषांवर कागद विरलाय, मागून मलमलीची पट्टी खळीनं चिकटवलेली. वरच्या उजव्या कोपऱ्यात टाचणीच्या भोकांचा पुंजका, गंजाच्या कडेसह. आजी म्हणाल्या, नोकरीचा अर्ज, रेशन कार्ड, क्लेम, प्रत्येक ऑफिसात हेच टाचलं जायचं. ‘क्लेम’ हा शब्द इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आहे. मागे राहिलेल्या घरादाराच्या भरपाईचा दावा, १९५४ च्या कायद्याखालचा. घराचे कागद हरवले होते, म्हणून वडील हे प्रमाणपत्र दाखवून सांगायचे की मी कराचीचाच.

सिंध १९३६ मध्ये इलाख्यातून सुटला, पण शाळा-कॉलेजांच्या परीक्षा १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्याच राहिल्या. सिंध विद्यापीठ त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये निघालं. त्यामुळे कराचीतून आलेल्या या माणसाच्या खिशात मुंबईचाच शिक्का होता. प्रमाणपत्र १९३६ च्या भिंतीसमोरच्या पेटीत जाईल. आजींना पोच दिली, नोंदवहीत क्रमांक पडला. त्या मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून विचारत होत्या की ताप येईल इतक्या थंड खोलीत तर ठेवलं नाही ना.

५ जून

उलट दिशेनं गेलेल्यांची भिंत अजून रिकामी दिसते, आणि मला ती तशी सोडवत नाही. कराचीची वस्ती १९४१ मध्ये चार-साडेचार लाख होती, त्यात जवळपास निम्मे हिंदू. ६ जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर हिंदू मोठ्या संख्येनं निघाले. १९५१ च्या शिरगणतीत शहर दहा लाखांच्या वर गेलेलं, आणि त्यातले पुष्कळ जण भारतातून आलेले मुहाजिर. मुंबई-गुजरातचे मेमन गेले, कोकणी मुसलमान गेले. मोहल्ल्यांतली घरं निम्मी झाली, त्याची गोष्ट मुंबईत कुठेही लिहिलेली नाही.

वस्तू तिकडून येऊ शकत नाहीत. म्हणून कराचीच्या मंडळींनी मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. काल पहिली ऐकली: रत्नागिरीकडून गेलेल्या घरातल्या एका बाई, वय नव्वदीच्या पुढे, उर्दूत बोलता बोलता भाताच्या लावणीवर आल्या आणि सरळ कोकणीत शिरल्या. पुढची सात-आठ मिनिटं कोकणीतच. मुलाखत घेणाऱ्या मुलीला काही कळत नव्हतं, पण तिनं थांबवलं नाही. शहाणी मुलगी. हा भाग न कापता ऐकवायचा.

मराठी बोलणारे सगळेच गेले किंवा आले असंही नाही. कराचीत आजही मराठी हिंदू कुटुंबं आहेत, गणपती बसवतात. आणि बेने इस्रायली होते, कोकणातून गेलेले मराठी भाषक ज्यू. सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी १८९३ मध्ये बांधलेलं मॅगेन शालोम सिनेगॉग १९८८ मध्ये पाडलं गेलं. त्याचं एक छायाचित्र मिळालंय, पुरेशा रिझोल्यूशनचं.

१ जुलै

भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी ठरलेल्याच. सिंधी हवी यावर मी अडून बसलो. १९६७ पासून ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि हे दालन तिच्याबद्दल आहे. मग लिपी कुठली? इथल्या तरुण सिंध्यांना देवनागरी सोयीची, आजी-आजोबांना अरबी वळणाची, आणि कराचीला तर तीच. दोन्ही घेतल्या, अक्षर बारीक होऊ दिलं नाही. त्यासाठी प्रत्येक पॅनेलमधून मजकूर कमी करावा लागला. मराठी मजकूरही कापला, हातचं न राखता.

१८ जुलै

फोमबोर्डवर अख्ख्या दालनाचा मॉक-अप उभा केला आणि आठवीच्या मुलांना आत सोडलं. नकाशापाशी गर्दी. तिकिटाच्या पेटीची बाजूची खाच कामी आली, मुलं गुडघे वाकवून तिरपं बघत होती. १९३६ च्या भिंतीपाशी एका मुलीनं विचारलं, “सर, मग त्यांना आमच्यापासून वेगळं व्हायचं होतं ते पाकिस्तान व्हायच्या आधीच?” हो म्हटलं. “आणि ते वाईट होतं का?” तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती बराच वेळ वाचत राहिली, मग मैत्रिणीशी वाद घालायला लागली. विश्वस्तांपैकी एक जण तिथेच उभे होते.

२ ऑगस्ट

छपाईला जाण्याआधीचं शेवटचं वाचन कराचीच्या प्राध्यापिकांनी केलं. दोन जागी ‘मुंबईनं दिलं’ होतं तिथे ‘मुंबई सरकारच्या काळात झालं’ केलं, आणि कालवे खणणाऱ्या मजुरांचा उल्लेख वाढवला. सर क्रीकच्या मजकुरात त्यांनी एकही शब्द बदलला नाही, आम्हीही नाही. दोन्ही परिच्छेद शेजारी शेजारी छापतोय.

एन. जे. व्ही. चा फोटोही आला. फाटकातून धावत सुटलेली पोरं, वर नाव. मोठ्या आकारात लावतोय.

पॅनेलच्या फाइली तशाच कराचीला जातील. तिथे शाळेच्याच एका खोलीत त्या छापून लावायचं त्यांच्या मनात आहे, उर्दू आणि सिंधी मजकुरासह. क्रम त्यांना बदलायचा असेल, १९३६ पासून सुरुवात करायची असेल, तर करावी, असं पत्रात लिहिलंय. सोमवारी पहिले सहा पॅनेल प्रेसला.